फिलोमिनाबाईंची तिसरी प्रत

फिलोमिनाबाई कुठलाही कागद खालून वर वाचायच्या. आधी सही, मग शिक्का, मग तारीख, आणि एवढं सगळं मनासारखं असेल तरच मजकूर. "मजकूर काय, कोणीही लिहितो रे. सही करताना माणूस घाबरतो. तेवढं बघायचं." लग्नपत्रिकासुद्धा त्या अशाच वाचत. माझ्या मेव्हण्याची पत्रिका मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या टेबलावर ठेवली, तर बाई तळाच्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पासून सुरू झाल्या. नवरानवरीपर्यंत पोचेस्तोवर माझा चहा निवला.

मी त्यांच्या हाताखाली गेलो तो काही हौसेने नाही. दुबईत एका बांधकाम कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात होतो. पगार बरा होता, बायको-मुलगी बरोबर होती, आणि आपण फार हुशार आहोत असा माझा समज होता. दोन हजार आठचा क्रॅश आला आणि एका गुरुवारी दुपारी आमच्या अख्ख्या मजल्याला पाकिटं वाटली गेली. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा कॅन्सल झाला की हातात उरतात तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर मुलीची शाळा अर्ध्यात सोडून, भांडीकुंडी विकून परत. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझी बायको मेधा कॅलेंडरकडे बघायची नाही आणि मी मेधाकडे. सव्विसाव्या दिवशी दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या एका युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्ड्स सेक्शनमधून इंटरव्ह्यूसाठी फोन आला.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई बुटक्या, पन्नाशी उलटलेल्या, एसीसाठी अंगात मरून स्वेटर आणि गळ्यात बारीक क्रूस. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उलटी धरून मागच्या पानापासून चाळली.

"एकच कॉपी?"

"मॅडम, ओरिजिनल आहे आणि ही कॉपी आहे."

"ते दिसतंय मला. एकच?"

बाहेर सेहेचाळीस डिग्री. कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरपर्यंत चालत जाऊन मी तीन-तीन प्रती काढून आणल्या. शर्ट अंगाला चिकटला होता आणि डोकं तापलं होतं. बाईंनी प्रती मोजल्या आणि वाटल्या, "एक तुझी, एक माझी, एक देवाची." तिसऱ्या प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने बारीक 'दे' काढला. मी तोंडातल्या तोंडात मराठीत काहीतरी पुटपुटलो.

"पुण्याचा का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हो."

"तरीच. ऐकतोस, पण पटत नाही." आणि ड्रॉवर उघडून माझ्या हातावर एक सुकेळं ठेवलं. ही वसईची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, बाईंच्या ड्रॉवरमध्ये बारा महिने असायची. त्या वसईच्या वाडीतल्या ख्रिस्ती. त्या दिवसापासून माझं नाव पुणेकर पडलं ते पडलं.

तिसरी प्रत हा आमच्या सेक्शनमधला टिंगलीचा विषय होता. पहिली प्रत ज्याची त्याला, दुसरी फाइलला, आणि तिसरी मागच्या स्टोअरमधल्या करड्या कपाटात. त्या कपाटाचं कुलूप बाईंनी स्वतः आणलं होतं आणि त्याचा घोर त्यांना पुढे महिनाभर पुरला. "बारा दिरहम! म्हणजे आपले दीडशे रुपये. दीडशे रुपयांचं कुलूप म्हणजे आत निदान सोनं तरी पाहिजे!" कॉपी मशीनशी त्या बोलायच्या. ते अडलं की त्याच्या पाठीवर थाप मारून "यल्ला हबीबी, चल ना राजा, आज नको रुसू," म्हणायच्या, आणि गंमत म्हणजे ते चालायचं. आम्ही मारलेली थाप त्याला लागू पडायची नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी खवचटपणे विचारलं, "बाई, देव या कॉप्या वाचतो कधी?"

त्यांनी डबा बंद केला. वाटलं, आता बोलणी खातो. पण त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. पहिली नोकरी तिकडच्याच उम्म अल कुवैन गावातल्या एका शाळेत. रेश्मा नावाची मुलगी, बारावीला पहिली आलेली. तिचा दाखला शिक्क्यासाठी मंदूबाकडे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणाऱ्या माणसाकडे द्यायचा होता. फिलोमिनाबाईंनी तो दिला, कॉपी न काढता. मशीन बंद होतं, उद्या काढू म्हणाल्या. मंदूबाच्या पिकअपच्या खिडकीतून तो कागद उडाला. डुप्लिकेट यायला पाच महिने लागले, तोवर ॲडमिशनची मुदत संपली. बापाने मुलीला गावी पाठवलं आणि वर्षाच्या आत लग्न लावून दिलं.

"ती मला भेटायला आली होती जाताना. रागावली असती तर बरं झालं असतं. 'थँक यू मिस' म्हणाली." बाईंनी डबा पुन्हा उघडला, पण जेवल्या नाहीत. "एक कागद रे. मी एक कागद नीट नाही ठेवला."

त्यानंतर मी देवाच्या कॉपीवरून विनोद केला नाही. इतरांना करू दिला, एवढाच माझा चांगुलपणा.

बाई एकट्या होत्या. नवरा पास्कल तिथल्याच एका हॉटेलात आचारी होता, तो हार्ट अटॅकने गेला त्याला सात वर्षं झाली होती. त्याला गावी न्यायचं सोडून बाईंनी शहराबाहेरच्या दफनभूमीत पुरलं. "मी इथे, तर तो एकटा वसईत काय करेल?" दर शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मास झाला की त्या टॅक्सी करून तिकडे जायच्या. वाळवंटातली धूळ ती, आठवड्याभरात दगडावरचं नाव दिसेनासं व्हायचं. पर्समधून ऑफिसचा पिवळा फडका काढून त्या ते नाव पुसायच्या. वसईला भावाचं घर होतं, पण परत जायचा विषय काढला की म्हणायच्या, "मला इथून हलवायचं तर दोघांना हलवावं लागेल."

आता त्या बेटाबद्दल सांगतो. बेट कॅरिबियन समुद्रात, पार दुसऱ्या टोकाला. आमच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशात ते दिसायचंच नाही, कारण नेमका त्याच जागी कोणीतरी नकाशा टांगायचा खिळा ठोकला होता. तिथे एक चिमुकली युनिव्हर्सिटी होती, दोन इमारती आणि एक पत्र्याचा हॉल. नर्सेस आणि शाळामास्तर तयार करायची. आमच्या एका जुन्या प्रोफेसरांनी कधीतरी करार जुळवून दिला होता, त्यामुळे त्यांचे परीक्षेचे पेपर आमच्याकडे तपासून जायचे आणि प्रत्येक सेमिस्टरचं निकालपत्रक आमच्याकडे यायचं. त्याच्याही तीन प्रती, हे सांगायला नकोच.

तिथली रजिस्ट्रार जोसेफीन. ती आणि बाई आठ वर्षं फोनवर बोलत होत्या, एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. कामाचं बोलणं पाच मिनिटं आणि उरलेलं केळ्यांवर. ते बेटही केळ्यांचं. जोसेफीन केळी कापून वाळवायची आणि बाईंच्या मते तो अडाणीपणा होता. "होल, जोसेफीन, होल! डोन्ट कट! पिकू दे, सोल आणि मग उन्हात ठेव!" असं त्या इंग्रजी-मराठीत ओरडायच्या आणि पलीकडची बाई खो खो हसायची, ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं.

क्रॅशचा फटका आमच्याकडे उशिरा पोचला. माणसं कमी झाली, चहाची बिस्किटं बंद झाली आणि बेटाबरोबरचा करारही संपवला. करारात कलम होतं की संपल्यावर आमच्याकडची सगळी निकालपत्रकं नष्ट करायची आणि तसा दाखला त्यांच्या सरकारला पाठवायचा. दुसऱ्यांच्या मुलांची माहिती आपल्याकडे ठेवणं बरं नाही, हे तसं बरोबरच होतं. आमचे डायरेक्टर नबीलसाहेब, जॉर्डनचे, सभ्य माणूस. त्यांनी बाईंना सांगितलं, बाई "येस सर" म्हणाल्या.

कागद चिरणारी गाडी आली. बेटाच्या सगळ्या कागदपत्रांची सोळा खोकी स्टोअरच्या दाराशी रचलेली होती. दाखल्यावर बाईंची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. हमाल खोकी उचलायला लागले आणि एका खोक्याचं झाकण उघडलं. आत निकालपत्रकांऐवजी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या होत्या. पिवळी पानं, मी स्वच्छ पाहिली. बाईंनी मला पाहताना पाहिलं.

"पुणेकर, सही."

मी सही केली. सरळ सांगतो, विचारायची हिंमत नव्हती. नवीन नोकरी, माझ्या मुलीची, सईची, नवी शाळा, आणि मनात ते तीस दिवस. आपण पाहिलंच नाही असं ठरवलं की झालं. गाडी गेली, बाई म्हणाल्या, "खलास," आणि आम्ही आपापल्या टेबलाशी जाऊन बसलो. त्यावर आम्ही पुढचं वर्षभर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं आणि सप्टेंबरात त्या बेटावर चक्रीवादळ आलं.

टीव्हीवर शेजारचं मोठं बेट दिसायचं. तिथली हॉटेलं, तिथला विमानतळ, तिथे उतरणारी मदतीची विमानं. आपल्या बेटाचं कुणी नावसुद्धा घेत नव्हतं. बाई दिवसातून चार वेळा जोसेफीनचा नंबर फिरवायच्या आणि कानाशी धरून उभ्या राहायच्या. लागायचा नाही. दहा-अकरा दिवस असे गेले. त्या दिवसांत बाई कॉपी मशीनशीही बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी त्यांचाच मोबाइल वाजला. कुणाच्या तरी सॅटेलाइट फोनवरून जोसेफीन बोलत होती, आणि बाईंनी स्पीकर लावला.

ती जिवंत होती. घराचं छप्पर गेलं होतं. युनिव्हर्सिटीचा पत्र्याचा हॉल समुद्रात गेला, रेकॉर्ड रूममध्ये गळ्याएवढं पाणी, कॉम्प्युटर चिखलात. "मी निकालपत्रकं दोरीवर वाळत घातली, फिलोमिना," ती म्हणाली. "पण शाई वाहून गेली. कोरी पानं लटकतायत." शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुली चर्चमध्ये जखमी लोकांच्या पट्ट्या बांधत होत्या, आठवडाभर झोपल्या नव्हत्या. आणि मोठ्या बेटावरचं सरकार म्हणत होतं की ज्यांचं रेकॉर्ड नाही त्यांनी पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करायची, तीही मोठ्या बेटावर येऊन. इथली युनिव्हर्सिटी परत उघडायची गरज नाही. महिन्याभराने कौन्सिलची बैठक, त्यात शिक्कामोर्तब. "माझ्या मुली जातील कशा? घरं नाहीत त्यांना. त्या शिकायचंच सोडतील." मग जोसेफीन रडायला लागली. तिने काही मागितलं नाही. मागणार तरी काय, सगळं नष्ट केल्याच्या आमच्या सहीशिक्क्याच्या दाखल्याची प्रत तिनेच फाइलला लावली होती.

फोन बंद झाला. बाई भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्या खिळ्याकडे बघत. मी उठून दार लावलं.

"बाई, नाही हं."

"काय नाही?"

"तुम्हाला माहितेय काय ते. तुम्ही खोट्या दाखल्यावर सही केलीय. तुमची नोकरी जाईल. बॅन लागला तर पुन्हा या देशात पाऊल टाकता येणार नाही. शुक्रवारी कुठे जाणार तुम्ही?"

शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. त्यांना लागावं म्हणून. लागलंही, त्यांनी खुर्ची धरली.

"मग निनावी पाठवू," मी घाईघाईने म्हणालो. "कुरियरने. नाव नाही, गाव नाही."

"आणि कौन्सिल काय करेल त्याचं? बिनसहीचा कागद म्हणजे भजी बांधायचा कागद. ते विचारणार, नष्ट केलेला कागद आला कुठून? कोणाकडे होता? कुणी हात लावला? कोणीतरी सांगायला पाहिजे, माझ्याकडे होता. युनिव्हर्सिटीचा शिक्का पाहिजे प्रत्येक पानावर."

"शिक्का नबीलसाहेबांकडे आहे."

"हो. म्हणजे त्यांना सांगावं लागणार."

"आणि साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर!" मी ओरडलोच. "मला मुलगी आहे, बाई!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. "ठाऊक आहे रे," म्हणाल्या. "सईला विसरेन का मी?"

त्या दुपारी मी एक गोष्ट केली ती आजवर मेधालाही सांगितलेली नाही. मी नबीलसाहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. बाईंच्या आधी जाऊन सांगायचं, मला फसवून सही घेतली म्हणून. दार वाजवलं, आत गेलो, साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "येस?" "सर, आमच्या सेक्शनचा एसी नीट चालत नाही," असं म्हणून मी बाहेर पडलो. संध्याकाळी खरोखरच एसीवाला आला आणि त्याला काय सांगावं ते मला कळेना.

घरी जेवताना मी वादळाचं आणि बाईंच्या कपाटाचं सांगितलं, माझं टेलिफोन डिरेक्टऱ्यांचं तेवढं वगळून. सई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, जस्ट स्कॅन इट अँड मेल इट ना. व्हॉट्स द बिग डील?" अगं बाई, तिथे वीज नाही, इंटरनेट नाही आणि कौन्सिलला हातातला कागद हवा. मेधा मात्र म्हणाली, "तुला नोकरी नव्हती तेव्हा मोजून दहा-बारा जणांनी तुझा बायोडेटा घेतला. फोन एकट्या फिलोमिनाबाईंचा आला." आणि ताटं उचलून आत गेली.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला गेलो. वॉचमनने सांगितलं, मॅडम आत आहेत. पास्कल गेल्यापासून पहिल्यांदा बाईंनी शुक्रवारचा मास चुकवला होता. करडं कपाट सताड उघडं, टेबलावर सगळी निकालपत्रकं बॅचप्रमाणे लावलेली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'दे'. बाई मशीनवर एकेक पान ठेवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पुणेकर, तू घरी जा."

"सरका," मी म्हणालो. "तुम्ही पानं वाकडी ठेवता."

चारशे बारा पानं होती, प्रत्येकाच्या पुन्हा तीन प्रती. जुन्या शाईचे आकडे फिके पडलेले, छपाई गडद करावी तर नावं काळवंडायची, उजळ करावी तर मार्क उडायचे. एकेक पान डोळ्यांनी ताडून बघावं लागे. मध्येच मशीन तापून बंद पडलं आणि बाईंनी थाप मारली तरी चालेना. दोघंही तिथेच जमिनीवर बसलो. बाई एक पान हातात धरून नावं वाचायला लागल्या, जशी काही सगळी ओळखीची. "ही बघ, हिला पहिल्या सेमिस्टरला बत्तीस होते अनॅटॉमीत. आता अठ्ठ्याहत्तर. केवढी अभ्यासाला लागली असेल!" मेधाने पोळीभाजीचा डबा पाठवला होता, तो आम्ही मशीन थंड होईपर्यंत खाल्ला. दुपारी चारला काम संपलं. तेवढ्यात टॅक्सी गाठून बाई दफनभूमीत जाऊन आल्या. पास्कलशी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, साडेआठला बाई नबीलसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. ट्रॉलीवर गठ्ठे, हातात एकपानी पत्राच्या तीन प्रती. मी ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेलो. "तू बाहेर," त्या म्हणाल्या. दार पुरतं लागलं नाही, म्हणून मला ऐकू आलं.

साहेबांनी पत्र वाचलं. मग ते म्हणाले, "फिलोमिना, मला हे कशाला सांगितलंस? तुला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती."

"सर, शिक्का तुमच्याकडे आहे."

"मी शिक्का मारला तर मला हे वर कळवावं लागेल. कळवलं की माझ्या हातात काही राहत नाही. समजतंय तुला?"

"समजतंय. आधी शिक्का, मग रिपोर्ट. क्रम चुकवू नका."

साहेब आता सिक्युरिटीला बोलावतील, कागद जप्त होतील आणि तिकडे त्या मुलींचं सगळं संपेल, असंच मला वाटत होतं. खुर्ची सरकली. पावलं दाराकडे आली आणि साहेबांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी मला करक, म्हणजे तिकडचा कडक चहा, सांगायला लावला, दोन कप, आणि दार आतून घट्ट लावून घेतलं. मग शिक्क्याचा पहिला आवाज आला, ठक. मग दुसरा. चारशे बारा पानांचे तीन संच त्या माणसाने स्वतःच्या हाताने शिक्के मारून दिले, बाई पान पुढे सरकवत होत्या आणि सही करत होत्या. जेवायची वेळ टळून गेली तरी आवाज थांबला नव्हता. ते बाहेर आले तेव्हा साहेबांची करंगळी शाईने निळी झाली होती. "कुरियर आजच," एवढंच माझ्याशी बोलले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट गेला. गुरुवारी बाईंना पाकीट मिळालं. व्हिसा कॅन्सल, तीस दिवस. मला कोणी बोलावलंच नाही. मी रोज वाट बघत होतो, फोन वाजला की दचकत होतो, पण नाही म्हणजे नाही.

पार्सल मोठ्या बेटावर पोचलं आणि तिथे अडकलं. तंबू, पाणी, औषधं आधी सुटत होती, कागदांचा गठ्ठा कोण विचारतो? बैठक पाच दिवसांवर, मग चार. बाईंनी सामान बांधायला घेतलं, पण दर तासाला मला फोन. "काही कळलं?" "इन्शाल्ला, बाई, कळेल." "इन्शाल्ला मला नको शिकवू, नंबर लाव." शेवटी जोसेफीन स्वतः एका मच्छीमाराच्या होडीतून मोठ्या बेटावर गेली, गोदामाच्या दारात दोन दिवस बसून राहिली आणि गठ्ठा पोटाशी धरून कौन्सिलपुढे घेऊन गेली.

बाईंच्या तीस दिवसांतला चोविसावा दिवस होता. जोसेफीनचा फोन आला तेव्हा आम्ही टायपिंग सेंटरमध्ये देश सोडायचे कागद भरत होतो. रेकॉर्ड मान्य झालं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलींचे आधीच्या वर्षांचे निकाल कायम, युनिव्हर्सिटी त्याच बेटावर राहणार, वर्ग तंबूत सुरू. जोसेफीन ओरडत होती, मागे बायका गात होत्या. मी चष्मा काढून पुसायला लागलो. फिलोमिनाबाईंनी विचारलं, "पानं ओली तर नाही ना झाली?" मग टायपिस्टकडे वळून म्हणाल्या, "यल्ला भैया, इसका तीन कॉपी."

एअरपोर्टला मीच सोडायला गेलो. दुपारचं विमान होतं. रस्ताभर त्या मला सूचना करत होत्या. मशीनला महिन्यातून एकदा पुसून घे. त्या नकाशाचा खिळा काढून दुसरीकडे ठोक. मग पर्समधून पिवळा फडका काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दर शुक्रवारी नको. तो तुझा घरच्यांबरोबरचा सुट्टीचा दिवस. महिन्यातून एकदा पुरे. नाव तेवढं दिसलं पाहिजे."

आत जाताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. "घरी जाऊन उघड." सुकेळी असतील असं वाटलं, पण पाकीट चपटं होतं. बाईंनी मरून स्वेटर घातला होता, त्या उन्हातही. काचेपलीकडे रांगेत उभ्या राहून त्या स्वतःचा बोर्डिंग पास खालून वर वाचत होत्या. वळून पाहिलं नाही.

घरी जाईपर्यंत मला धीर निघाला नाही. पार्किंगमध्येच पाकीट फोडलं. त्यांनी नबीलसाहेबांना दिलेल्या पत्राची प्रत होती. मी त्यांनी शिकवल्यासारखी तळापासून वाचायला घेतली. आधी सही, सरळ आणि ठसठशीत, कुठे थरथर नाही. मग शिक्का. मग तारीख. मग सहीच्या वरचं शेवटचं वाक्य, "साक्षीदाराने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली. खोक्यांत काय होतं हे त्याला माहीत नव्हतं."

मला माहीत होतं, बाई. आणि मला माहीत होतं हे तुम्हालाही माहीत होतं.

गाडीचा एसी चालू करायचंसुद्धा मला सुचलं नाही. तसाच घामाने निथळत मी एकेक ओळ वर सरकत गेलो, बेटाचं नाव, मुलींच्या बॅचेस, सोळा खोकी, करडं कपाट, आणि सगळ्यात वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला तो बारीक 'दे'.